आधी रूळ की आधी वेळ

आष्टीला रेल्वे आली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. फक्त ती आष्टी आमची नव्हती. बीड जिल्ह्यातल्या आष्टीपासून तेव्हाच्या अहमदनगरपर्यंत ६६ किलोमीटर रूळ तयार झाले, झेंडी दाखवली गेली, आणि बातमीचा मथळा वाचून वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत माझ्या मामांनी चहाचा कप खाली ठेवला. पुढच्या दोन ओळी वाचल्या आणि परत उचलला. "मले वाटलंच होतं," म्हणाले, "रेल्वे तिकडच्या आष्टीले, अन् आपल्या नावापुढं कंसात शहीद."

कंसातलं ते शहीद आम्ही मिरवतो, आणि मिरवावं असंच ते आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेली माणसं इथल्या पोलीस ठाण्यावर चालून गेली, गोळीबार झाला, माणसं पडली. त्याच दिवशी तिकडे चिमूरही उठलं. दरवर्षी त्या दिवसासाठी मी नागपूरहून आजोळी येते आणि सतरा तारखेला सकाळी परत निघते. आष्टीहून तळेगाव, तिथून हमरस्त्यावरची नागपूर गाडी.

मामा एसटीत वाहक होते. निवृत्तीला दशक उलटलं, तरी गाडीच्या तासभर आधी स्टँडवर हजर. शर्टाच्या खिशात पेन आणि एक छोटी वही, जुन्या सवयीची. मी नागपुरात वाहतूक नियोजनाचं काम करते, म्हणजे सर्वेक्षणं, नकाशे आणि वीस-तीस वर्षांचे आराखडे. त्यामुळे एसटीवाला मामा बसच्या बाजूनं आणि शहरातली भाची रुळांच्या बाजूनं भांडत असेल असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे उलटं आहे. मामांना रेल्वे हवी, मला वेळापत्रक. गेली काही वर्षं हा वाद आम्ही दर सतरा ऑगस्टला त्याच बाकावर बसून घालतो.

"तुले एष्टी आवडते," मामांनी यंदा सुरुवात केली, "काहून का तू तिच्यातून वर्षातून दोनदा जातेस."

"आणि तुम्हाला रेल्वे आवडते, कारण तुम्ही तिच्यात नोकरी केली नाही."

"मान्य. पण मी एष्टीची फेरी मरताना पाह्यली आहे. एक नाही, कितीक. तिले कोणी मारत नाही, ते आपोआप मरते. सांगू?"

हे त्यांनी मला याआधीही सांगितलं होतं, पण तुकड्यातुकड्यांत. यंदा सबंध सांगितलं.

"समज, एक गाव आहे. दीडशे घरं. तिथं मुक्कामी गाडी जाते. रात्री आठले पोहोचते, चालक-वाहक गावातच झोपतात, सकाळी सहाले निघते. हे गाडी सगळ्यात हिशेबी. काहून? रात्री जाताना माणसं, सकाळी येताना माणसं, रिकामी धाव नाही. पण चालक-वाहकाले झोपायले खोली लागते, पाणी लागते, संडास लागते. पयले गावातले लोक जेवण आणून द्यायचे, आमच्यासाठी खाट टाकायचे. मंग समाजमंदिराचं छत गळाले लागलं, पंचायतीनं लक्ष नाही देल्लं, कोणी तक्रार केली, मुक्काम बंद. झालं? फेरी बंद नाही झाली बरं. फक्त आता गाडी सकाळी आगारातून निघते. म्हंजे तिथवर रिकामी जाते. डेड किलोमीटर. अन् सहाची सव्वासात झाली."

"मग सहाचा प्रवासी तुटला."

"थांब ना. सहाचा प्रवासी कोण? वर्ध्याले, सेवाग्रामले दवाखान्यात जाणारा. तो तुटला. शाळा-कॉलेजची पोरं राह्यली. मंग एक दिवस आगारात दोन गाड्या नादुरुस्त. लांब पल्ल्याची सोडावी का गावची? लांब पल्ल्याची जास्त कमावते. गावची रद्द. त्या दिवशी पोरं दीड तास उभी राह्यली अन् घरी गेली. पंधरा दिवसांत पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा पोरांच्या बापानं ऑटोवाल्याशी महिन्याचं ठरवून टाकलं. आता गाडीत बारा माणसं. भारमान काढणारा कागद पाहते तं बारा. कागद खोटा नसते, बारा म्हंजे बाराच. फेरी बंद. सही करणाऱ्यानं काहीच चूक नाही केली." मामांनी हात झटकले. "म्हून म्हणतो, रूळ पाह्यजे. रूळ एका सहीनं उचलता येत नाही."

त्या सांगण्यातलं मला सगळ्यात जास्त टोचतं ते बाराचं खरेपण. वाहकाच्या हातात पूर्वी तिकिटांचा ट्रे आणि पंच असायचा, आता मशीन आहे. कोण कुठे चढलं, कुठे उतरलं हे त्या मशीनला कळतं. दीड तास उभं राहून कोण परत गेलं, ते कळत नाही. आमच्या सगळ्या आराखड्यांत या न चढलेल्या माणसासाठी एक गोंडस शब्द आहे, सुप्त मागणी. सर्वेक्षणाच्या वेळी ती आम्ही टक्क्यांनी अंदाजतो. स्टँडच्या बाकावरून ती नुसत्या डोळ्यांनी मोजता येते.

पण रूळ उचलता येत नाहीत हे मामांचं म्हणणं मी सोडून देणार नव्हते.

"मामा, आर्वीला काय होतं?"

ते हसले. हा बाण येणार हे त्यांना ठाऊक होतं.

आर्वी आमच्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर. तिथून पुलगावपर्यंत ३५ किलोमीटर अडीच फुटी रुळांवरची गाडी १९१७ साली सुरू झाली. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या तिच्या थोरल्या बहिणी. सगळ्यांना मिळून लोक शकुंतला म्हणतात. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि तिच्यामागे किलिक निक्सन ही कंपनी. कारण एकच, कापूस. वऱ्हाडचा आणि आमच्या भागातला कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत पोचवायचा, तिथून मुंबई, मुंबईहून मँचेस्टर. यवतमाळच्या गाडीला तर १९२१ साली मँचेस्टरातच बनलेलं वाफेचं इंजिन होतं आणि ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावलं. पुढे देशातल्या रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, पण हे मार्ग करारात अडकून खासगी कंपनीचेच राहिले. गाडी भारतीय रेल्वेनं चालवायची आणि कंपनीला पैसे द्यायचे. ज्याचा रूळ त्याला तो सुधारायची गरज नव्हती, आणि जो गाडी चालवायचा त्याचा रूळ नव्हता. पुलगाव-आर्वी केव्हाच थांबली. मोठ्या मार्गाची आश्वासनं अधूनमधून येत राहतात.

"लोखंड होतं ना तिथं?" मी म्हटलं. "शंभर वर्षं टिकलं. गाडी नाही टिकली."

"ते गाडी माणसांसाठी नव्हतीच बाई. कापसासाठी होती. कापूस ट्रकनं जाऊ लागला, तिचं काम संपलं."

"मग तुम्हीच म्हणता की काम संपलं की रूळसुद्धा मरतात."

"मरतात. पण सावकाश मरतात. एष्टीची फेरी सोमवारी मरते अन् मंगळवारी कोणाले आठवत नाही. शकुंतला थांबली तरी लोकं अजून तिच्यासाठी अर्ज करतात. आता बंद पडलेल्या मुक्कामी गाडीसाठी अर्ज करणारा दाखव मले एक."

हा मुद्दा मला मोडता आला नाही. आजही येत नाही. मरून पडलेल्या रुळामागेही एक मागणी जिवंत राहते, आणि रद्द झालेल्या फेरीमागे काहीच उरत नाही, फलकावरची पुसलेली ओळही नाही.

मी मुंबईच्या ट्रामकडे वळले. १८७४ साली घोड्यांची, १९०७ पासून विजेची, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची. पाऊण शतक आणि वर पंधरा वर्षं रस्त्यात पुरलेले रूळ लोकांच्या डोळ्यांदेखत उखडले गेले. मामांनी तेवढ्याच वेगानं पुण्याची बीआरटी काढली. त्यांना ती कुठून माहीत, तर पुण्याला त्यांचा मुलगा आहे. २००६ च्या अखेरीला कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बससाठी वेगळा पट्टा आखला, आणि पुढं तो तुकड्यातुकड्यांनी काढून टाकला. "बससाठी केलेली गोष्ट मोडाले सोपी. त्याच पुण्यात मेट्रोचा खांब काढून दाखवा म्हणा."

"खांब राहतो म्हणून तुम्हाला खांब हवा?"

"खांबात पैसा ओतला राहते ना, म्हून लाज असते. तुमच्या नागपुरात चाळीसेक किलोमीटर मेट्रो केली. गर्दी कमी असली तरी कोणी म्हणते का, आज भारमान नाही, उद्यापासून बंद? नाही म्हणत. पुढच्या टप्प्याले मंजुरी देतात. मले तसली लाज आष्टीसाठी पाह्यजे."

लाज. आमच्या क्षेत्रातल्या जाडजूड अहवालांत हा शब्द कुठे नाही. पण दीर्घकालीन नियोजनाचं इंजिन हेच आहे की काय, असं मला त्या क्षणी वाटलं. उद्याचं वचन मोडताना कुणाला तरी जड जायला हवं. मामांचं उत्तर असं की ते जडपण लोखंडातून आणि सिमेंटातून येतं. माझं म्हणणं, ते फार महाग पडतं आणि फार उशिरा येतं.

उशिराचे दाखले आमच्या अंगणातच पडले आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा-कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. २००९ साली पहिलीत बसलेली मुलगी तोवर कॉलेजचं शेवटचं वर्ष गाठून होती. वर्धा नदीपलीकडे मोर्शी-वरूडवरून जाणारा नरखेड-अमरावती मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर होऊन २०१० नंतर धावू लागला.

"अन् समृद्धी महामार्ग?" मामा म्हणाले. "२०१५ ले घोषणा, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण. ७०१ किलोमीटर. आपल्याच जिल्ह्यातून, सेलूतून, आर्वी तालुक्यातून गेला. म्हंजे मनात असलं तं दहा वर्षांत होते."

"होतं. पण समृद्धीवर हात दाखवून गाडी थांबत नाही, मामा. दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. तो रस्ता आर्वी तालुक्यातून जातो, आर्वी तालुक्यासाठी जात नाही."

"तू अशी बोलतेस अन् नोकरी कशी टिकली तुझी?"

एव्हाना स्टँडवर माणसं जमायला लागली होती. पिशव्या घेतलेल्या दोन बाया, डोक्याला रुमाल बांधलेला एक म्हातारा कास्तकार, कॉलेजच्या चार मुली, हातात एक्स-रेचं पाकीट धरलेला माणूस. पुरुष थोडे होते, आणि तरणा पुरुष एकही नव्हता. तरणे पुरुष रस्त्यावरून जाताना दिसत होते, कर्जाच्या मोटरसायकलवर. मामा म्हणतात, एसटीचं खरं नुकसान ऑटोनं नाही केलं, मोटरसायकलनं केलं. ऑटोनं फक्त प्रवासी नेला, मोटरसायकलनं आवाज नेला. ज्याच्याजवळ गाडी आली त्यानं स्टँडवर येऊन भांडणं सोडलं. ग्रामसभेत बोलणारा पुरुष आता एसटीनं जातच नाही, आणि जी जाते तिला ग्रामसभेत बोलायला कोणी विचारत नाही. त्यांच्या एवढ्या बोलण्यातलं हे मला रेल्वेपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं, पण ते त्याला मुद्दा मानत नाहीत.

"१७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं," मी म्हटलं. "काय झालं मग?"

"बाया वाढल्या. भल्ल्या वाढल्या. माझ्या सोबतचे सांगतात, ज्या फेरीत आठ बाया असायच्या तिथं वीस-बावीस."

"त्या बाया १६ मार्चला कुठे होत्या?"

मामा थांबले. "घरी."

"म्हणजे गाडीला माणसं नव्हती असं नाही. माणसं होती, घरी होती. तसंच वेळेचं. सहाची गाडी पुन्हा सहाला, रोज, पाच वर्षं न चुकता सोडून दाखवा, मग बारा मोजा."

"पाच वर्षं कोण सोडन?"

इथे मी माझा आवडता दाखला काढला. मामांना तो अजिबात आवडत नाही. स्वित्झर्लंडनं १९८२ साली देशभर तासाला एक गाडी असं वेळापत्रक लावलं. १९८७ च्या डिसेंबरात रेल्वे वाढवायची योजना मतदानाला टाकली आणि लोकांनी ती मंजूर केली. त्या योजनेत आधी घड्याळ ठरवलं. अमुक गावात सगळ्या गाड्या तासाच्या ठोक्याला एकत्र यायला हव्यात, म्हणजे उतरणाऱ्याला चढायची गाडी समोर हवी. मग त्यासाठी दोन शहरांतलं अंतर किती मिनिटांत कापायला हवं ते काढलं, आणि जिथे मिनिटं बसत नव्हती तिथेच नवा रूळ टाकला. झुरिक ते बर्न तासाच्या आत यायला हवं होतं, म्हणून त्या वाटेवर ४५ किलोमीटरचा नवा मार्ग झाला आणि २००४ च्या डिसेंबरात नवं वेळापत्रक लागलं. शक्य तितकं वेगानं नाही, लागतं तितक्याच वेगानं. आणि डोंगरातल्या खेड्यात रेल्वे नाही तिथे पिवळी टपालाची बस, तीही त्याच ठोक्याला बांधलेली.

"स्वित्झर्लंडात पऱ्हाटीले अळी पडते का?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मंग त्याचं काय घेऊन बसली."

"बरं, स्वित्झर्लंड सोडा. सेवाग्राम घ्या." कस्तुरबा रुग्णालयाशी आमच्या तालुक्याचं नातं पिढ्यांचं आहे. १९६९ साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय झालं, खेड्यांसाठी म्हणून काढलेलं देशातलं पहिलं. बाह्यरुग्ण विभागात नंबर सकाळी लागतो. आष्टीच्या माणसानं आर्वी गाठायची, तिथून वर्धा, तिथून सेवाग्राम. तीन तुकड्यांपैकी कुठलाच फार लांब नाही. दिवस खातात ते मधले दोन थांबे. आर्वीला उतरावं तर वर्ध्याची गाडी दहा मिनिटांपूर्वी गेलेली. ती गाडी दहा मिनिटं पुढे सरकवायला रूळ लागत नाही, पूल लागत नाही, भूसंपादन लागत नाही. दोन आगारांच्या वाहतूक नियंत्रकांनी एका टेबलाशी बसायला लागतं.

"आगारं वेगळी," मामा लगेच म्हणाले. "तळेगावचं वेगळं, आर्वीचं वेगळं. जो तो आपलं उत्पन्न पाहते. आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीसाठी दहा मिनिटं काहून थांबवन? तिच्या मागं ऑटो लागलाच राहते, प्रवासी उचलून नेते."

"म्हणजे अडचण रुळाची नाही, हिशेबाची आहे."

"हिशेब बदलणं रूळ टाकण्याहून कठीण आहे, बाई. तुले अजून माहीत नाही."

मला माहीत आहे, कारण तो झगडा कायद्यातच लिहून ठेवला आहे. रस्ता परिवहन महामंडळांचा १९५० चा कायदा. त्याच्या कलम १८ मध्ये महामंडळाचं कर्तव्य सांगितलं आहे: कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि एकमेकींशी नीट सांगड घातलेली प्रवासी सेवा. चारच पानं उलटली की कलम २२ येतं आणि म्हणतं, कारभार धंद्याच्या तत्त्वांवर करा. म्हणजे पुरेशी गाडीही द्या आणि तोट्याची गाडी नकोही. दर सकाळी कुठल्याही आगारात ही दोन कलमं एकमेकांसमोर उभी राहतात. धंद्याचा आकडा त्या रात्रीच येतो. पुरेशी म्हणजे किती, हे कोणीच ठरवलेलं नाही, म्हणून कलम १८ रोज हरतं. त्यात तिकिटाच्या पैशातून राज्याचा प्रवासी कर जातो, सवलतींची भरपाई सरकारकडून यायची वाट पाहावी लागते, आणि २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीच्या संपात थांबलेल्या चाकांची किंमत वेगळी. त्या साडेपाच महिन्यांत ज्यांनी ऑटो धरला त्यांतले बरेच परतले नाहीत. त्या काळाविषयी मी मामांशी वाद घालत नाही. त्यांच्या सोबतचे लोक घरी बसले होते आणि ते सोडून दुसरं काही त्यांना त्या विषयात दिसत नाही. त्यांचं चूक आहे असंही मला म्हणवत नाही.

"पुरेशी म्हणजे किती हे आकड्यात लिहून टाकायचं," मी म्हटलं. "पाचशे वस्तीच्या गावाला दिवसाला इतक्या फेऱ्या, पहिली इतक्याच्या आत, शेवटची इतक्याच्या नंतर. शेवटची गाडी पाचला सुटत असेल तर आर्वीला शिकणाऱ्या मुलीला शेवटचं प्रॅक्टिकल सोडावंच लागतं. झुरिक परगण्यात वस्तीच्या आकड्यावरून किमान सेवा ठरलेली आहे. पुन्हा स्वित्झर्लंड, माफ करा. आणि जी फेरी रद्द होईल ती फलकावर लिहायची, कारणासकट, तारखेसकट, वर्षभर पुसायची नाही. तुम्हाला लाज हवी ना? खडूनं मिळते ती. कोट्यवधी नाही लागत."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फलक पुसला तं?"

"काय?"

"तू लिहिलेला फलक कोणी पुसला तं काय करशीन? रूळ पुसता येत नाही."

यावर मी विकास आराखड्याचं बोलायला गेले. राज्यात १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार गावा-शहराचा आराखडा वीस वर्षांच्या नजरेनं करतात. त्यात बस स्थानकासाठी जागा आरक्षित असते. जागेला एवढं संरक्षण, की त्यावर घर बांधायला परवानगी मिळत नाही. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, तीही तरतूद आहे. पण त्या स्थानकावरून किती गाड्या सुटाव्यात, याला त्या जाडजूड दस्तऐवजात एक ओळ नाही. स्टँडला जागा आहे, गाडीला वेळ नाही. मी म्हटलं, वेळेचंही आरक्षण असावं. जमिनीसारखं. मोडायचं तर नोटीस, हरकती, सुनावणी.

"हे चांगलं आहे," मामा म्हणाले. पहिल्यांदाच. मग लगेच, "पण रेल्वेचंही टाक त्यात. पुलगावपासून आर्वी, आष्टी करत वर वरूडकडं जमीन आखून ठेवा म्हणा. रूळ पन्नास वर्षांनी टाका. आज आखली नाही तं तिथं घरं उभी राहतीन, मंग कधीच होणार नाही. आता मी तुझं ऐकतो, तू माझं ऐक. घड्याळ आजचं, जमीन उद्याची."

यात खोट काढायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. जमीन आखून ठेवणं स्वस्त असतं, बांधणं महाग असतं. हे मीच बैठकांत सांगत असते. मला अडवत होता तो बीडच्या आष्टीचा अनुभव. तो मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, त्याचा पहिला तुकडा २०२२ मध्ये आला, आणि गाडी सुरू झाली तेव्हा फेऱ्या मोजक्या, पुढचा रस्ता अर्धवट, डब्यांत माणसं तुरळक. त्या रुळांना जागा होती, पैसा होता, झेंडी होती. वेळ नव्हती.

"तुम्हाला मथळा वाचून काय वाटलं असतं," मी विचारलं, "ती आपलीच आष्टी असती आणि गाडी दिवसाला एकदाच, दुपारी अडीचला सुटणारी असती तर?"

"मी दुपारी अडीचले गेलो असतो," मामा म्हणाले.

तळेगावची गाडी आत वळली. एक्स-रेचं पाकीट धरलेला माणूस आधी पुढे झाला, मग मुलींना वाट देत मागे सरला. मामा उठले नाहीत. त्यांनी वही काढली, तारीख टाकली, वेळ टाकली आणि चढणाऱ्यांकडे न बघता बाकांकडे बघत राहिले. गाडीत चढले ते त्यांच्या हिशेबात नव्हतेच. दोघी बाया ज्या गाडीची वाट पाहत होत्या ती अजून आली नव्हती, आणि रुमालवाला कास्तकार मघाशी एका मोटरसायकलच्या मागे बसून निघून गेला होता. त्यांनी त्या रकान्यात एक लिहिलं.

मी पान बघितलं. महिन्यांमागून महिने. सकाळचा एक आकडा, संध्याकाळचा एक. न चढलेल्यांचे. असं काही नागपुरातल्या एकाही अहवालात नाही.

"मामा, ही वही मला द्या."

"नाही."

"झेरॉक्स तरी."

"रेल्वेच्या अर्जाले जोडाची आहे," त्यांनी वही खिशात घातली. "ते अर्ज गेला की देतो. चढ, जागा भरून राह्यली."

मी चढले. खिडकीतून म्हटलं, अर्ज कधी जाणार? त्यांनी हाताचा पंजा दाखवला. पाच दिवस की पाच महिने, ते कळायच्या आत वाहकानं डबल बेल दिली.